स्टेंटनंतरची रोहिणी : प्रस्तावना

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत स्टेंट बसवून रुग्ण घरी परतला, की त्याच्या आणि कुटुंबीयांच्या लेखी आजाराचा निकाल लागलेला असतो. छातीत दाटून येणे थांबलेले असते, पडद्यावर अरुंद दिसणारी वाहिनी मोकळी झालेली सर्वांनी पाहिलेली असते आणि आता गोळ्या वेळेवर घ्यायच्या, एवढेच मनावर ठसलेले असते. रोहिणीच्या भिंतीला मात्र फुग्याचा दाब आणि धातूची जाळी ही एक जखमच असते, आणि कोणतीही जखम भरून येताना जशी नवी ऊती तयार होते तशी ती इथेही होते. बहुतेकांत ही वाढ पातळ अस्तरापुरती राहते आणि ती हितकारकच ठरते, कारण उघडा धातू रक्ताच्या संपर्कात राहिला तर त्यावर गुठळी धरण्याचा धोका असतो. काहींत मात्र ती वेळेवर थांबत नाही आणि काही महिन्यांत जाळीच्या आतच वाहिनी पुन्हा अरुंद होते. स्टेंटच्या आत किंवा त्याच्या कडांपासून ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात वाहिनीचा व्यास निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटला, तर अँजिओग्राफीच्या निकषाने त्याला पुनर्संकोच म्हणतात.

एकाच डॉक्टरने, एकाच बनावटीचा स्टेंट, जवळपास सारख्याच अडथळ्यावर बसवला असता एका रुग्णाची वाहिनी वर्षानुवर्षे मोकळी राहते आणि दुसऱ्याची भरत जाते, याचे कारण कुठे शोधायचे, हा या विषयाचा गाभा आहे. वाहिनी मुळात बारीक असणे, स्टेंटची लांबी जास्त असणे आणि रुग्णाला मधुमेह असणे या तीन गोष्टी पुनर्संकोचाची शक्यता वाढवतात, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. पहिल्या दोन गोष्टी मोजपट्टीने सांगता येतात. तिसरी मात्र स्वतःच एक गुंतागुंतीचा आजार आहे, आणि त्यातील नेमका कोणता घटक रोहिणीच्या भिंतीला बाधतो हे शोधताना संशोधकांचे लक्ष साखरेच्या मागे दडलेल्या इन्सुलिन-प्रतिरोधाकडे गेले. स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनला स्नायू, यकृत आणि मेदऊती यांनी अपेक्षेपेक्षा कमी दाद देणे म्हणजे इन्सुलिन-प्रतिरोध. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते आणि त्यामुळे रक्तातील साखर अनेक वर्षे सामान्य दिसते. अहवालावर ‘मधुमेह नाही’ असे छापलेले असताना शरीरात हा बिघाड दहा-दहा वर्षे मुरलेला असू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे मधुमेही आणि मधुमेह नसलेले अशी रुग्णांची दोन खात्यांत केलेली विभागणी किती ढोबळ आहे हे कळते.

लोकांच्या मनात, आणि अनेकदा दवाखान्यातील समजावणीतही, रोहिणी म्हणजे गाळ साचलेला नळ आणि स्टेंट म्हणजे तो साफ करून आत बसवलेली नळी, असे चित्र असते. ते सोयीचे असले तरी पुनर्संकोच समजून घेताना आडवे येते, कारण रोहिणीची भिंत जिवंत आहे. आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी अंतःस्तर, त्याबाहेर अरेखित स्नायूपेशींचा मध्यस्तर आणि सर्वांत बाहेर संयोजी ऊतींचे आवरण अशी तिची रचना असते. फुगा फुगवताना अंतःस्तर खरवडला जातो, उघड्या पडलेल्या भागावर प्लेटलेट्स चिकटतात, त्यांच्यातून आणि जमलेल्या श्वेतपेशींतून वाढीचे संदेश देणारी द्रव्ये सुटतात, आणि एरवी शांत असणाऱ्या स्नायूपेशी मध्यस्तर सोडून आत सरकतात, विभागतात व भोवती तंतुमय पदार्थ साठवतात. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये ही वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांत टोकाला पोचते. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन रक्तप्रवाह बंद पडणे ही वेगळी घटना आहे आणि दुसऱ्याच ठिकाणी नवा अडथळा तयार होणे ही तिसरी. बोलीत तिन्हींना ‘पुन्हा ब्लॉकेज’ म्हटले जात असले तरी त्यांची कारणे आणि उपचार निराळे असल्यामुळे या ग्रंथात हा भेद कटाक्षाने पाळला आहे.

या समस्येचा इतिहास म्हणजे एका अर्थाने साधनांच्या प्रगतीचाच इतिहास. अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची अरुंद झालेली रोहिणी शस्त्रक्रियेविना रुंद केली, आणि त्यांच्या कल्पनेला फुग्याची जोड देऊन आंद्रेआस ग्रुएन्ट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे जागृत रुग्णाच्या हृदयरोहिणीवर पहिली अँजिओप्लास्टी केली. उत्साह ओसरायला फार वेळ लागला नाही, कारण नुसत्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी साधारण एकतृतीयांश, आणि काही गटांत त्याहून अधिक, सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत होत्या. ताणलेली भिंत लवचिकतेने मागे येई, जखम भरताना संपूर्ण वाहिनीच आक्रसे आणि आत नवी ऊतीही वाढे. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी मानवी हृदयरोहिणीत पहिले स्टेंट बसवले, तेव्हा पहिल्या दोन कारणांवर उत्तर मिळाले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेनेस्टेंट’ आणि ‘स्ट्रेस’ या चाचण्यांनी ते आकड्यांत मांडले: पहिलीत पुनर्संकोचाचे प्रमाण फुग्यानंतर ३२ टक्के तर स्टेंटनंतर २२ टक्के होते, दुसरीत अनुक्रमे सुमारे ४२ आणि ३२ टक्के. म्हणजे उत्तर अर्धेच होते. धातूच्या जाळीने भिंतीला मागे येऊ दिले नाही, पण तिच्या कायमच्या टोचणीने ऊतींची वाढ उलट जोमाने होऊ लागली, आणि पुनर्संकोच हा जवळपास पूर्णपणे पेशींच्या वाढीचा प्रश्न बनला. साधनाकडून शरीराकडे लक्ष वळवणारे हे वळण या विषयात फार मोलाचे आहे, आणि गंमत अशी की ते घडवून आणले एका साधनानेच.

पेशींची वाढ रोखायची तर औषध हवे, या विचारातून पुढचा टप्पा आला. १९६४ मध्ये प्रशांत महासागरातील रापा नुई बेटावर गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेने आणलेल्या मातीतील सूक्ष्मजीवापासून माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत रॅपामायसिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले; त्यामागे फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले सुरेंद्रनाथ सेहगल होते, आणि ती प्रयोगशाळा बंद होऊ लागली तेव्हा त्यांनी त्या जंतूंचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. बुरशीविरोधी म्हणून शोधलेले हे द्रव्य सिरोलिमस या नावाने आधी मूत्रपिंड-प्रत्यारोपणात वापरात आले आणि डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एदुआर्दो सोझा यांनी त्याचा लेप असलेला पहिला स्टेंट मानवात बसवला. २००२ मध्ये ‘रॅव्हेल’ या चाचणीत सहा महिन्यांनंतर लेपयुक्त स्टेंटच्या गटात एकही पुनर्संकोच आढळला नाही, साध्या स्टेंटच्या गटात तो २६ टक्क्यांहून अधिक होता, आणि प्रश्न कायमचा सुटला असे जगभर वाटू लागले. २००६ मध्ये बार्सिलोना येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत औषधलेपित स्टेंटमध्ये उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची चर्चा पेटली तेव्हा तो आत्मविश्वास डळमळला. त्यानंतर जाळीच्या तारा अधिक पातळ झाल्या, लेप सुधारले, गुठळीविरोधी गोळ्यांचे नियम काटेकोर झाले आणि पुनर्संकोचाचे प्रमाण बहुतेक गटांत दहा टक्क्यांच्या खाली आले. मात्र ते शून्यावर स्थिरावले नाही. शिवाय स्टेंटच्या आत नव्याने मेदयुक्त थर साचण्याची, म्हणजे जुन्याच आजाराने नव्या जागेत पाय पसरण्याची, प्रक्रिया काही वर्षांनंतरही चालू राहते हे प्रकाशलहरींनी भिंतीचे सूक्ष्म चित्र घेणाऱ्या तंत्राने दाखवून दिले. विरघळणाऱ्या स्टेंटचा प्रयोग २०१७ मध्ये मुख्य उत्पादकाने विक्री थांबवल्यावर मागे पडला, तर औषधाचा लेप दिलेला फुगा पुनर्संकोचावरील उपचार म्हणून स्थिरावला आहे.

दुसरा प्रवाह मधुमेहशास्त्रातून येतो. १९३६ मध्ये लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना मधुमेहींचे इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन वर्ग पाडले; पण रक्तातील इन्सुलिन मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते, त्यामुळे त्यांचे निरीक्षण जवळपास पाव शतक तसेच पडून राहिले. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये किरणोत्सारी पदार्थांच्या साहाय्याने इन्सुलिन मोजण्याची पद्धत मांडली, आणि अनेक प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिनची कमतरता नसून रेलचेल आहे हे उघड झाले. १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी उच्च रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड, घटलेले हितकारक कोलेस्टेरॉल आणि बिघडलेली साखर यांच्या मुळाशी इन्सुलिन-प्रतिरोध असल्याची मांडणी केली आणि त्या समुच्चयाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. मोजमापाची अडचण मात्र आजही पूर्ण मिटलेली नाही. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन, साखर स्थिर राखायला किती ग्लुकोज लागते ते पाहणारी ‘क्लॅम्प’ चाचणी सर्वांत विश्वासार्ह मानली जाते, पण ती काही तास चालते आणि संशोधनकेंद्राबाहेर शक्य नसते. म्हणून १९८५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये तयार झालेला ‘होमा’ निर्देशांक, म्हणजे उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि साखर यांच्या गुणाकारावर आधारित अंदाज, किंवा केवळ ट्रायग्लिसराइड आणि साखर यांवरून काढलेला निर्देशांक वापरला जातो. निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत याचे अर्धे उत्तर, निदान या प्रस्तावनेच्या मते, मोजपट्टीच्या या विविधतेत आहे.

हे दोन प्रवाह रोहिणीच्या भिंतीत एकत्र येतात. पेशीच्या आत इन्सुलिनचा संदेश मुख्यतः दोन वाटांनी जातो. एक वाट ग्लुकोज आत घेण्याची आणि अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची, जो वायू वाहिनीला सैल ठेवतो, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही आणि स्नायूपेशींची वाढ आवरतो. दुसरी वाट पेशींच्या वाढीची व स्थलांतराची. इन्सुलिन-प्रतिरोधात पहिली वाट मंदावते, दुसरी मात्र बऱ्याच अंशी खुली राहते, असे जॉर्ज किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. पहिल्या वाटेची तूट भरून काढण्यासाठी वाढलेले इन्सुलिन मग दुसऱ्या वाटेला जादा चालना देते, आणि संरक्षण उणे व वाढ अधिक अशी विषम स्थिती भिंतीत निर्माण होते. यात प्लेटलेट्सची वाढलेली चिकटण्याची प्रवृत्ती, गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला येणारा अडसर आणि पोटातील मेदातून सुटणारी दाहजनक द्रव्ये यांची भर पडते. अशा भिंतीवर फुगा फुगवला गेला तर जखमेचा प्रतिसाद अतिरेकी होणे तर्काला धरून आहे. त्यातही लक्षणीय बाब अशी की सिरोलिमस ज्या प्रथिनाला रोखते ते ‘एम-टॉर’ हे प्रथिन इन्सुलिनच्या स्वतःच्या संदेशसाखळीतही मध्यवर्ती आहे. प्रत्यारोपणानंतर हे औषध तोंडाने दीर्घकाळ घेणाऱ्यांत साखर वाढताना दिसते, जरी स्टेंटवरील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असल्यामुळे तेथे तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पुनर्संकोच हा साधनाचा प्रश्न मानणाऱ्यांनी वापरलेले सर्वांत यशस्वी औषध चयापचयाच्या ऐन चौकात काम करते, याची दखल त्यांनी आणि चयापचयाला महत्त्व देणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंनी पुरेशी घेतलेली नाही.

बाजू हा शब्द इथे अकारण आलेला नाही. या क्षेत्रात ढोबळमानाने तीन विचारधारा आहेत. पहिलीच्या मते पुनर्संकोच हे प्रामुख्याने तांत्रिक अपयश आहे: स्टेंट पूर्ण फुलला नाही, चुन्याने कडक झालेली भिंत आधी नीट फोडली नाही, योग्य माप निवडले नाही. वाहिनीच्या आतून चित्रण करणाऱ्या तंत्रांनी या मताला भक्कम आधार दिला आहे, आणि कोणत्याही प्रामाणिक मांडणीला ते आधी मान्य करावे लागते. दुसरी धारा चयापचयाला प्राधान्य देते. साध्या स्टेंटच्या काळात मधुमेह नसलेल्या रुग्णांना ग्लुकोज पाजून इन्सुलिन मोजले असता ज्यांचे इन्सुलिन जास्त वाढले त्यांच्या स्टेंटमध्ये नवी ऊती अधिक वाढलेली आढळल्याचे जपानी संशोधकांनी नोंदवले, आणि ग्लिटाझोन गटातील, म्हणजे इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवणारी, औषधे दिल्यावर ही वाढ घटल्याचे जपान, कोरिया व जर्मनीतील छोट्या चाचण्यांत दिसले. तिसरी धारा या दोन्हींकडे साशंकतेने पाहते आणि विचारते की इन्सुलिन-प्रतिरोध हे कारण आहे की केवळ बारीक वाहिन्या, लांबलचक अडथळे आणि एकूणच बिघडलेल्या प्रकृतीची खूण.

साशंकांच्या बाजूने पुरावा कमी नाही. याच ग्लिटाझोन गटातील ट्रॉग्लिटाझोन यकृताला घातक ठरल्याने अमेरिकेत २००० मध्ये मागे घेतले गेले. रोसिग्लिटाझोनमुळे हृदयविकाराचा झटका वाढत असल्याचा संशय २००७ मध्ये व्यक्त झाला, भारतात त्यावर २०१० मध्ये बंदी आली, आणि अमेरिकेत त्यावरचे निर्बंध पुढे २०१३ मध्ये सैल केले गेले. २००९ च्या ‘बारी २डी’ चाचणीत मधुमेह आणि हृदयरोहिणी-विकार दोन्ही असलेल्या २,३६८ रुग्णांपैकी काहींना इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवणारे आणि काहींना इन्सुलिन पुरवणारे उपचार दिले गेले, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ८८ टक्केच होते. उलट बाजूला २०१६ ची ‘आयरिस’ चाचणी आहे: मधुमेह नसलेल्या पण इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या, नुकताच पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या ३,८७६ रुग्णांत पायोग्लिटाझोनने पुन्हा पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण ११.८ वरून ९ टक्क्यांवर आणले, पण वजनवाढ, सूज आणि हाडे मोडणे ही किंमत मोजून. या चाचणीचा विषय पुनर्संकोच नव्हता, तरीही इन्सुलिन-प्रतिरोध हा उपचाराचा विषय होऊ शकतो याचा एवढा थेट पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. अलीकडच्या काळातील जीएलपी-१ आणि एसजीएलटी-२ गटांतील मधुमेहावरील औषधांनी हृदयविकाराच्या रुग्णांचे एकूण भवितव्य सुधारले आहे. ती मोठी यशे स्टेंटच्या आतील ऊतींच्या खात्यावर जमा करण्याची घाई मात्र या ग्रंथाने केलेली नाही.

बायपासच्या प्रश्नावरही असाच संयम आवश्यक आहे. अमेरिकेतील ‘बारी’ चाचणीत एकाहून अधिक वाहिन्या बाधित असलेल्या मधुमेहींपैकी पाच वर्षांनी बायपासनंतर सुमारे ८१ टक्के आणि फुग्याच्या अँजिओप्लास्टीनंतर सुमारे ६६ टक्के हयात होते. तो फरक तेव्हा पुनर्संकोचाच्या माथी मारला गेला. पण २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत औषधलेपित स्टेंट वापरूनही बायपासच सरस ठरली: मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण १८.७ विरुद्ध २६.६ टक्के राहिले. पुनर्संकोच घटूनही अंतर टिकले, याचा अर्थ स्टेंट एक जागा उघडतो आणि आजार सबंध वाहिनीभर पसरलेला असतो, तर बायपासची नवी वाहिनी सुरुवातीच्या सबंध पट्ट्याला एकदमच वळसा घालते. इन्सुलिन-प्रतिरोधाचा धोका स्टेंटच्या कडांपाशी थांबत नाही.

मराठी वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. लंडनमधील दक्षिण आशियाई रहिवाशांत पोटाचा घेर आणि इन्सुलिन-प्रतिरोध अधिक असल्याचे पॉल मकीग यांनी १९९१ मध्ये दाखवले, आणि त्यामागची जडणघडण उलगडणारे महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो असूनही पाठीवरील कातडीखालचा मेद त्या मानाने टिकून राहतो, म्हणजे मूल कृश असूनही मेदवान असते, हे त्यातून समजले. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ने छापले: दोघांचा वजन-उंची निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणाऱ्या, वजनकाट्यावर निर्दोष ठरणाऱ्या मध्यमवयीन माणसाला स्टेंट लागतो तेव्हा घरच्यांना वाटणारे आश्चर्य या दोन आकड्यांपुढे कमी होते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा कमरेचा घेर भारतीयांसाठी धोक्याचा मानतात, तो याच कारणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवल्यावर हा उपचार अधिक लोकांच्या आवाक्यात आला; त्याच वेगाने स्टेंटनंतरच्या पाठपुराव्याची, विशेषतः मधुमेह नाही म्हणून सोडून दिलेल्यांच्या पाठपुराव्याची, सोय वाढलेली नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथ कॅथलॅब आणि मधुमेहाची ओपीडी यांच्यामध्ये राहिलेल्या जागेत उभा आहे. एकीकडे व्यासाचे मिलिमीटर मोजले जातात, दुसरीकडे तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि रुग्ण दोन फायली घेऊन दोन दारांत बसतो. पदव्युत्तर विद्यार्थी, सामान्य वैद्यकीय व्यावसायिक आणि स्वतःच्या आजाराकडे अभ्यासू नजरेने पाहणारा वाचक, असे तीन वाचक समोर ठेवल्यामुळे काही ठिकाणी जाणकाराला विवेचन सावकाश वाटेल आणि काही ठिकाणी नवख्याला दमछाक होईल, हे टाळता आलेले नाही. रोहिणीच्या शरीररचनेपासून मोजमापाच्या वादांपर्यंत जाताना ग्रंथाची भूमिका अशी राहिली आहे की इन्सुलिन-प्रतिरोध पुनर्संकोचाला हातभार लावतो हे जैविकदृष्ट्या सुसंगत आणि निरीक्षणांनी समर्थित आहे, परंतु केवळ तो कमी केल्याने आधुनिक स्टेंटमधील पुनर्संकोच घटतो हे मोठ्या चाचणीने सिद्ध व्हायचे आहे. पायाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांचा विचार तुलनेपुरताच केला आहे, कारण पायातील स्टेंट चालताना सतत वाकतो-पिळला जातो आणि तेथील पुनर्संकोचाचे गणित त्यामुळे वेगळे होते. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. उपाशीपोटीच्या इन्सुलिनची चाचणी प्रत्येकाने करून घ्यावी असेही ग्रंथ सुचवत नाही, कारण प्रयोगशाळेगणिक तिचे आकडे बदलतात आणि कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड व रक्तदाब यांवरून मिळणारी माहिती बहुतेक रुग्णांच्या बाबतीत पहिल्या पावलाला पुरते.